बाबांनी टाकलेला पाइप

१२ फेब्रुवारी, मंगळवार

पाणी कंपनीचं पत्र आलं. पहिल्याच परिच्छेदात क्रियापद चुकलंय. 'आपल्या घराला पाणी पुरवणारा पाइप शिशाचा असण्याची शक्यता आहे.' शक्यता! आमच्या फ्रायरी रो गल्लीतल्या सगळ्या घरांचा पाइप शिशाचा आहे हे ड्रमकीलन गावातलं शेंबडं पोरही सांगेल, कारण तो माझ्या बाबांनी टाकलाय. मला विचारलं असतं तर तिकिटाचे पैसे तरी वाचले असते.

पुढे सल्ला आहे. कौन्सिलकडे अनुदान मागा, घराच्या हद्दीतला शिशाचा पाइप काढून टाका, मग आम्ही रस्त्याखालचा आमचा बदलू. तोवर हे पाणी पिऊ नका. तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायकांना तर मुळीच देऊ नका.

या घरात दोन्ही नाहीत. मी चौऱ्याहत्तरची, माझा भाऊ मॅलकी अठ्ठ्याहत्तरचा. जन्मल्यापासून दोघं याच नळाचं पाणी पितोय. मॅलकी पहिल्यापासून जरा मंद आहे, पण तो सुईणीचा प्रताप. चिमट्याने डोकं धरून ओढलं होतं, असं आई सांगायची. मी मात्र या पाण्यावर मोठी होऊन या गावाच्या दोन पिढ्यांना वाचायला शिकवलं. कंपनीच्या कारकुनाला शिकवायचं तेवढं राहिलं.

पत्र चुलीत घातलं. छान पेटलं. कशाच्या तरी उपयोगी पडलं.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

ऊना स्कली दारात आली. आमच्यापासून तिसरं घर तिचं. आधी तिथे होरन मंडळी राहायची, सभ्य माणसं. हिने आल्या आल्या दार पिवळं रंगवलं. नवरा ट्रक घेऊन युरोपभर फिरतो आणि ही कडेवर पोर घेऊन गावभर. पोराचं नाव टाइग. डोक्याला केस नाहीत, नाकाला विश्रांती नाही.

"गार्वन बाई, तुम्हाला पत्र आलं का?"

"आलं. जाळलं."

ती हसली. मी विनोद केला असं तिला वाटलं. मग म्हणाली, "मी पाणी तपासून घेतलं. मर्यादेच्या कितीतरी वर शिसं आहे, बाई. याला बाटलीचं दूध आहे ना, पावडरचं. मी पाणी उकळून द्यायचे. चांगलं खळखळ उकळून, पुन्हा एकदा उकळून. आता ते म्हणतात, उकळल्याने शिसं जात नाही. पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं."

एवढं बोलून डोळे भरून आले तिचे. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर रडणारी माणसं मला आवडत नाहीत. रडायला प्रत्येकाला आपापलं घर असतं.

तेवढ्यात मागून मॅलकी आला आणि त्याने पोराच्या हातात आपलं बोट दिलं. पोराने ते सरळ तोंडात घातलं. मॅलकी बघतच राहिला.

मुद्दा असा, की रस्त्यावरून येणारा पाइप आमच्या परसात शिरतो आणि तिथल्या जोडापासून मागच्या बाजूने सगळ्या घरांना जातो. माझं परस खणल्याशिवाय कोणाचंच काम होणार नाही. बाकी सगळ्यांनी होकार दिलाय. माझी सही हवी.

"हा पाइप माझ्या वडिलांनी टाकलाय," मी म्हणाले. "आजवर एक थेंब गळलेला नाही."

"हो ना, बाई. त्या बिचाऱ्यांना तेव्हा कुठे माहीत होतं."

बिचाऱ्यांना! माझ्या बाबांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं हे आता पिवळं दार मला सांगणार. मी माझं दार लावलं.

२५ फेब्रुवारी, सोमवार

कौन्सिलने माणूस पाठवला. कोण असावा? कॉरमॅक ट्विग. माझ्या वर्गात खिडकीजवळ बसून शेजारच्या मुलीच्या वहीत मान घालणारा. स्पेलिंगमध्ये 'गव्हर्नमेंट'मधला मधला एन त्याने जन्मभर खाल्ला, आता गव्हर्नमेंटचा पगार खातो.

मोरीखालच्या कपाटापाशी गुडघे टेकून बसला. पाइपवरचा रंग किल्लीने खरवडला, तसा आतून चांदीसारखा चकाकला.

"बघा बाई. शिसंच आहे."

"मी पितळ म्हणाले होते का?"

मग बाटलीत पाण्याचा नमुना घेतला आणि अनुदान समजावून सांगायला लागला. जुन्या घरांसाठी आहे, आधी मंजुरी घ्यायची, मगच काम करायचं, आधी खणलं तर छदाम मिळत नाही. "तुमच्या खिशाला काही तोशीस नाही, बाई." म्हणजे मी पैशासाठी अडून बसलेय असा त्याचा समज. मी त्याला चहा दिला. त्याने कप हातात धरला, पण प्यायला नाही. शिष्टाचारही शिकवायला हवे होते.

मी त्याला सांगितलं, की माझे वडील या जिल्ह्यातले सगळ्यात नावाजलेले प्लंबर होते. शिसं वितळवून हाताने जोड घडवायचे, लोक बघायला उभे राहायचे. घरी आले की बोटं काळी, ती न धुताच पाव मोडायचे. शेवटपर्यंत काम केलं.

"कधी गेले?" ट्विगने विचारलं.

"बावन्नाव्या वर्षी. संधिवात होता. मनगटं खाली लोंबायची, हात वर उचलता यायचा नाही. आई त्यांच्या शर्टाची बटणं लावायची. त्यात पोटात कळा यायच्या. खाटीक वाईट डुकराचं मांस द्यायचा, त्याने."

ट्विगने लिहिणं थांबवलं. मॅलकी टेबलापाशी बसून चहा ढवळत होता, त्याच्याकडे बघत म्हणाला, "मॅलकीकाका दिवसाला चहा किती घेतात, बाई?"

"ते अनुदानात बसतं का?"

अवघड प्रश्न आला की शाळेतही तो असाच बुटांकडे बघायचा. जाताना म्हणाला, "बाई, निदान पिण्यापुरतं पाणी बाहेरून आणा." सही केली नाही म्हणून चिडला असावा. त्याला चिडताही नीट येत नाही.

६ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार, ईस्टरआधीचे उपास आजपासून. कपाळाला राख लावून घेतली. उपासाच्या दिवसांसाठी साखर सोडली. चहा सोडायचा प्रश्नच नाही.

चर्चमध्ये मिसाला माझ्या बाकावर आज मी आणि मॅलकी दोघंच. आमच्या घरांच्या ओळीतली माणसं मागे जाऊन बसली. तिथूनही परमेश्वर ऐकतो, त्यामुळे माझी काही हरकत नाही. बाहेर पडताना एक बाई दुसरीला म्हणाली, "तिच्या परसात काय गुलाब आहेत की सोनं पुरलंय?" मुद्दाम मला ऐकू येईल अशी. मी वळून म्हणाले, "कोबी आहे." दोघी लाल झाल्या.

नमुन्याचा निकालही आला. सगळ्या ओळीत माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला शिसं सर्वांत जास्त. परीक्षेत गार्वन नेहमीच पहिले.

९ मार्च, शनिवार

खिडकीतून पाहिलं तर मॅलकी रस्त्याने दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन येत होता. चर्चच्या हॉलमधल्या नळावरून. ऊनासाठी. वाकलेला, टोपी एका बाजूला गेलेली, तोंडावर मात्र असा भाव की जणू बिशपचीच स्वारी येतेय.

"तू तिचा हमाल आहेस का?" मी विचारलं.

"बाळाला लागतं."

"तिचा नवरा कुठाय?"

"बेल्जियममध्ये," मॅलकी म्हणाला, आणि पुढचे कॅन आणायला गेला.

बेल्जियम कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही. मीच एकदा पृथ्वीचा गोल फिरवून दाखवला होता, तर त्याने आयर्लंडवरच अंगठा ठेवला आणि काढेचना.

१४ मार्च, गुरुवार

दुपारी चहा केला. मॅलकी म्हणाला, "नको."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. "काय नको?"

"चहा नको. ऊनाकडे घेतला."

या माणसाने उभ्या आयुष्यात मला कशाला नको म्हटलेलं नाही. मी त्याचा कप त्याच्यापुढेच ठेवला. त्याने तो उचलला, मोरीपाशी गेला, हळूच ओतून दिला, कप धुतला आणि फडक्याने पुसून ठेवला. रागाने नव्हे. कोणी आजारी माणसाचं भांडं बाजूला ठेवतं तसं.

ही शिकवण त्या बाईची. भोळ्या माणसाला फितवायला अक्कल लागत नाही.

१७ मार्च, रविवार

संत पॅट्रिकचा सण. परेडमध्ये नेहमीप्रमाणे ट्रॅक्टर, त्यांच्या मागे खोट्या कुरळ्या केसांचे टोप घातलेल्या नाचणाऱ्या पोरी, आणि शेवटी हिरवी दाढी लावलेला गावचा कसाई. संत वरून बघत असेल तर आयर्लंडमधून हाकललेल्या सापांना परत बोलावेल.

घरी आले तर ऊना दारात. आज रडली नाही.

"बाई, आज शेवटचं विचारते. याच्या रक्तात शिसं सापडलंय. फार नाही म्हणतात. पण डॉक्टर म्हणाले, लहान मुलाला थोडंही चालत नाही. मी बाहेरचं पाणी आणतेय, पण आंघोळ, भांडी, सगळं किती दिवस असं करू? तुम्हाला सही करायची नसेल तर नका करू. पण नको म्हणायचंय ना, ते याच्याकडे बघून म्हणा."

आणि पोर माझ्यासमोर धरलं. कोटावर सणाचं हिरवं पान टाचलेलं. ते माझ्या चष्म्याकडे बघून हसलं. त्याला काय कळतंय?

कोणीतरी आपल्या दारात येऊन आपल्याला काय करायचं ते सांगावं, हे मी कधी खपवून घेतलेलं नाही. शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरचंही नाही.

मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नको."

ऊना वळून गेली. मॅलकी माझ्या मागेच बोळात उभा होता. त्याने खुंटीवरची टोपी घेतली, माझ्या बाजूने अंग चोरून बाहेर पडला आणि तिच्या मागोमाग गेला.

१८ मार्च, सोमवार

मॅलकी घरी आला नाही. पिवळ्या दारात आहे, म्हणजे सुरक्षित आहे. रंगाने कोणी मरत नाही.

२० मार्च, बुधवार

स्वयंपाक कमी झाला, हा मोठाच फायदा. बेकन आणि कोबी केली. तरी दोघांची झाली. हाताला सवय, दुसरं काय. उरलेली गल्लीतल्या कुत्र्याला टाकली. त्याने बेकन खाल्लं आणि कोबी ठेवली. अगदी मॅलकीसारखं.

घर शांत आहे. इतकं शांत, की रेडिओवरचा मूर्खही सहन होतो.

२३ मार्च, शनिवार

त्याला आणायला गेले.

ऊनाने दार उघडलं, आत घेतलं. स्वयंपाकघरात भिंतीला लागून पाण्याचे कॅन रचलेले. मॅलकी खुर्चीत बसून पोराला बाटली पाजत होता. कोपर नीट उंच धरलेलं, मान सावरलेली. हे त्याला कोणी शिकवलं, कोण जाणे. ऊना धुण्याची टोपली घेऊन परसात गेली आणि दार ओढून घेतलं.

"घरी चल," मी म्हणाले.

"नाही."

"का?"

"तू नको म्हणालीस."

"मी पाइप काढायला नको म्हणाले, मॅलकी."

"बाळाकडे बघून म्हणालीस." त्याने बाटली जराशी तिरपी केली. "आईची बाळं अशी नव्हती. ती हलायची नाहीत."

"आईची बाळं म्हणजे तू आणि मी."

"तुझ्यानंतर तीन," मॅलकी म्हणाला.

मी त्याला म्हणाले, तू काहीतरी भलतंच बोलतोयस. तो भांडला नाही. पोराच्या हनुवटीवरचं दूध अंगठ्याने पुसत सांगत राहिला, त्याच्या पद्धतीने, एक वाक्य आणि मग बराच वेळ काही नाही.

"साबणाच्या खोक्यात ठेवायचे. बाबा उचलायचे. मी कंदील धरायचो. कबरस्तानात नाही घेत त्यांना. बाप्तिस्मा नाही ना. भिंतीच्या बाहेर, काटेरी झाडापाशी. तिसऱ्या वेळी बाबांच्या हातात फावडं राहीना. पडायचं. मग मी खणलं."

"मग मी कुठे होते?"

"मावशीकडे. अ‍ॅथलोनला."

मी मावशीकडे राहायला जायचे हे खरं आहे. आईचं डोकं दुखतं म्हणून पाठवायचे. प्रत्येक वेळी नवी रिबन घेऊन परत यायचे आणि आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली असायची. मी मावशीची लाडकी आहे म्हणून ती मला बोलावते, असं मी आजपर्यंत समजत होते.

"बाबा म्हणाले, डिमला सांगू नकोस. म्हणून तुला नाही सांगितलं," मॅलकी म्हणाला.

"मग आज का सांगितलंस?"

त्याने जरा विचार केला. "हे हलतंय," म्हणाला.

पोर झोपेत पाय झाडत होतं. मी निघून आले.

मी शिक्षिका आहे. एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळेच घडली, असं मी कुठल्या मुलाला कधी लिहू दिलं नाही. त्या काळात पुष्कळ बायकांची बाळं जायची. कोणत्याही डॉक्टरला विचारा. बाबांचा संधिवात निराळा, आईचं नशीब निराळं, सुईणीचा चिमटा निराळा. यांची मोट बांधणं अडाण्यांचं काम.

घरी येऊन चहासाठी किटली ठेवली. ती उकळत राहिली. पाणी संपून किटलीचं बूड काळं पडलं तेव्हा वासाने लक्षात आलं.

२६ मार्च, मंगळवार

कौन्सिलच्या कचेरीत गेले. बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या, पाहायला काचेतला मेलेला मासा. जिल्ह्याचा कारभार कसा चालतो ते वेगळं सांगायला नको.

ट्विग धावत बाहेर आला. "बाई, काही झालं का? मॅलकीकाका बरे आहेत ना?"

"पेन दे."

त्याने दिलं. मी सही केली. वाचून केली, त्यामुळे वेळ लागला, आणि एका ठिकाणी स्वल्पविरामही घातला. तो काही बोलायच्या आत मी म्हणाले, "आभार मानू नकोस. मिसाला मागच्या बाकावर गर्दी फार होते, म्हणून करतेय. खणायला कधी येताय?"

"आता मंजुरी येईल, मग ठेकेदार, मग पाणी कंपनीची तारीख. काही आठवडे धरा, बाई."

"आठवडे? ते पोर काय तुझ्या मंजुरीची वाट बघत वाढायचं थांबणार आहे?"

ट्विग अगदी हळू म्हणाला, "हेच तर मी तुम्हाला सांगत होतो, बाई."

बोलायला शिकला म्हणायचा एकदाचा.

येताना पिवळ्या दाराशी थांबले आणि आत न जाता मॅलकीला हाक मारली. "सही केली," म्हणाले. त्याने टोपी घातली आणि माझ्याबरोबर चालायला लागला. वाटेत चर्चच्या हॉलपाशी थांबला. आमच्यासाठीही दोन कॅन भरून घेतले. एक मी उचलला. जड असतात. रोज किती वेळा नेत होता, ते मी त्याला विचारलं नाही.

११ एप्रिल, गुरुवार

आजही कौन्सिलला फोन केला. परवाच्याच पोरीने उचलला. "गार्वन बाई ना?" म्हणाली आणि मी काही विचारायच्या आत "अजून नाही" म्हणाली. आळशी माणसं पाठांतर मात्र लवकर करतात. मी सांगितलं, उद्या पुन्हा करेन.

१४ मे, मंगळवार

आज खणलं. लाँगफर्डकडचे दोन बाप्ये आले, बरोबर एक कर्कश रेडिओ. कोबीचे दोन वाफे गेले. ओळीतली सगळी माणसं भिंतीवरून माना काढून उभी, जशी काही जत्राच. ऊना आपल्या परसात होती. भिंतीपाशी आली नाही.

जोड उघडा पडला तेव्हा त्यांच्यातला वयस्क माणूस खड्ड्यात उकिडवा बसला आणि त्यावरची माती हाताने झाडली. दोन पाइप जिथे मिळतात तिथे शिशाचा फुगीर गोळा, अंड्यासारखा गुळगुळीत, कुठे ओरखडा नाही.

"काम मात्र देखणं आहे हो," तो म्हणाला. "असं आता कोणाला जमणार नाही."

"त्यात शंका कोणाला होती?" मी म्हणाले.

मग त्यांनी तो करवतीने कापला. शिसं मऊ असतं, फार वेळ लागला नाही.

ट्विग आला होता. बूट चिखलात बरबटलेले. त्याने विचारलं, "बाई, एखादा तुकडा ठेवायचाय का तुम्हाला? आठवण म्हणून?"

मॅलकी माझ्याआधी म्हणाला, "नको."

"ऐकलंस ना," मी ट्विगला म्हणाले.

नवा पाइप प्लास्टिकचा आहे, निळा, पोरांच्या खेळण्यासारखा. बाबांनी त्याला हातसुद्धा लावला नसता. त्यांच्या हातांना हे बरं झालं असतं की वाईट, या विचारात मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. वयस्क माणूस म्हणाला, "बाजूला व्हा, आजी, माती टाकायचीय." आजी! मी त्याला शिकवलं नाही हे त्याचं नशीब.

२८ मे, मंगळवार

दुपारी मी फाटकापाशी उरलेल्या कोबीला पाणी घालत होते. ऊना पोराला गाडीत घालून चालली होती. मला वाटलं, जाईल तशीच. गेले कित्येक दिवस ती समोरच्या फुटपाथवरून जाते. पण थांबली.

"रक्ताचा रिपोर्ट आला, बाई. खाली आलंय."

"मग झालं तर."

"झालं नाही." आवाज चढवला नाही तिने. "पुन्हा तपासायचं, मग पुन्हा. शाळेत जाईपर्यंत लक्ष ठेवायचं म्हणाले. बोलायला उशीर होतो का, अक्षरं लागतात का. आत्ता काहीच सांगता येत नाही म्हणाले."

अक्षरं न लागणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना मी काय काय म्हटलं तेही मला पाठ आहे. ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

पोराला आता चार केस आलेत. उभे, तांबूस. ते माझ्या हातातल्या झारीकडे बोट दाखवून काहीतरी बरळलं. शब्द नव्हता. पण सूर प्रश्नाचा होता, एवढं मी खात्रीने सांगू शकते. ते माझं क्षेत्र आहे.

"आत ये ना," मी म्हणाले. "चहा टाकते."

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी खाली बघितलं नाही, पण सोपं गेलं नाही.

"आज नको, बाई," ती म्हणाली आणि गाडी ढकलत निघून गेली.

आत आले तर मॅलकी खिडकीत उभा. "काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"आज नको म्हणाली."

तो मान डोलवून खुर्चीत जाऊन बसला, जसं काही चांगलंच ऐकलंय.

तिच्या जागी मी असते, तर त्या वाक्यात 'आज' हा शब्द घातला नसता.